लोकरीवरील आटरोधक संस्करण

लोकरीचे कापड व विणलेले कपडे धुताना आटू नयेत म्हणून तंतूंच्या पृष्ठभागावर करण्यात येणाऱ्या रासायनिक प्रक्रियांना ही संज्ञा देतात.

लोकर दोन प्रकारे आटते. कताई व विणाई यांमुळे कापडात राहिलेला ताण भिजताच सुटतो व कापड आखूड होते. हे आटणे मर्यादित असून कापड आधी भिजवून वा वाफवून टाळता येते. दुसरा प्रकार तंतूच्या रचनेतून उद्‌भवतो. तंतूवर कौलांप्रमाणे एकमेकांवर चढलेले खवले असून त्यांच्या मोकळ्या कडा टोकाकडे असतात. त्यामुळे टोकाकडून मुळाकडे घासल्यास घर्षण अधिक होते. साबणाच्या कोमट पाण्यात कापड चोळले की, तंतू मुळाच्या दिशेने सरकतात, पण मागे येत नाहीत. ते गुंतून कापड दाट व जाड होते. नमदा याच गुणधर्मामुळे तयार होतो. विणलेल्या स्वेटरमध्ये मात्र तो कायमचा दोष ठरतो.

क्लोरिनीकरण : क्लोरिनामुळे खवल्यांतील केराटीन या प्रथिनाच्या डायसल्फाइड बंधांचे ऑक्सिडीकरण होते, पृष्ठभागावरील मेदाम्लाचा थर निघून जातो व खवल्यांच्या कडा मऊ पडतात. विक्रिया अतिजलद असल्याने ती असमान होण्याचा धोका असतो. क्रिया खोलवर गेल्यास तंतू दुर्बल, पिवळट व खरखरीत होतो. म्हणून क्लोरीन सावकाश मुक्त करणारी डायक्लोरोआयसोसायान्यूरिक अम्लाची लवणे वापरतात. परमोनोसल्फ्यूरिक अम्लाने क्लोरिनाविनाही ऑक्सिडीकरण करता येते.

बहुवारिकाचा लेप : ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संशोधन संस्थेच्या कार्यातून पुढे आलेली क्लोरीन-हर्कोसेट पद्धती व्यापक प्रमाणात वापरली जाते. तीत पिंजलेल्या लोकरीचे पेळू अम्लीय क्लोरीनयुक्त विद्रावातून नेतात, सोडियम सल्फाइटाने उरलेले क्लोरीन नष्ट करतात व धुऊन त्यांवर पॉलिअमाइड-एपिक्लोरोहायड्रीन रेझिनाचा पातळ लेप देतात. क्लोरिनीकरणामुळे पृष्ठभाग जलस्नेही झालेला असल्याने लेप सर्वत्र पसरतो. पाण्यात तो फुगून खवल्यांच्या कडा झाकतो. अशी लोकर यंत्रात धुता येते.

क्लोरीनयुक्त सांडपाण्यात कार्बनी हॅलोजन संयुगे जातात व ती जलप्रदूषक असतात. त्यामुळे ओझोन, आयनद्रायू, पॉलियुरेथेन व प्रथिनविघटक एंझाइमे यांचा पर्याय म्हणून अभ्यास झाला आहे. एंझाइमे खवल्यांखालील भागात शिरून तंतूचे बल घटवितात, ही त्यांची मुख्य अडचण होय. पद्धती कोणतीही असली, तरी क्रिया पृष्ठभागापुरती मर्यादित ठेवणे हेच तिच्या यशाचे गमक आहे.