वर्गातले संग्रहालय आणि गिरणीची गोष्ट

औद्योगिक क्रांती म्हणजे काय, असे नववीतल्या एखाद्या मुलाला विचारून पाहा. वाफेचे यंत्र, जेम्स वॅट, स्पिनिंग जेनी ही नावे तो धडाधड सांगेल. पण या क्रांतीने माणसाच्या दिवसाचे काय झाले, असा दुसरा प्रश्न टाकला की तो गप्प बसतो. यात त्याचा दोष नाही. हाताने चाचपून पाहण्याजोगा विषय आपण त्याला केवळ कानाने शिकवतो. यावर एक साधा उपाय आहे. वर्गातच मुलांकडून एक लहानसे संग्रहालय उभारून घ्यावे. ते कसे, हे आज आपणांपुढे मांडण्याचा आमचा विचार आहे.

यंत्रांची चित्रे भिंतीवर चिकटवली म्हणजे संग्रहालय होत नाही. ती नुसती सजावट होय. संग्रहालयातील प्रत्येक वस्तूपाशी एक चिठ्ठी हवी आणि तिने तीन प्रश्नांची उत्तरे दिली पाहिजेत : ही वस्तू येण्यापूर्वी काय होते, ती कोणाच्या हातात होती आणि तिच्यामुळे काय बदलले? चिठ्ठी चाळीस शब्दांची असावी. शब्द मोजके असले की काय ठेवावे व काय गाळावे याचा विचार मुलाला करावाच लागतो, आणि इतिहासाचा अभ्यास खरा तेथूनच सुरू होतो.

मुंबईच्या कापडगिरण्यांचेच उदाहरण घेऊ. पहिल्या टेबलावर टकळी ठेवावी. प्रत्येक मुलाने दहा मिनिटे सूत काढून पाहावे. ते पुनःपुन्हा तुटेल. मग शेजारच्या तक्त्यावर लिहावे की, सुमारे १७६४ साली हारग्रीव्ह्जने केलेल्या पहिल्या जेनीवर एकाच चाकाने आठ चात्या फिरत. स्वतःचे सूत तुटलेले पाहणाऱ्या मुलाला आठ या आकड्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

दुसऱ्या टेबलावर नकाशा असावा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवच्या गिरणीसाठी कंपनी काढली आणि १८५६ साली तेथे सूत निघू लागले. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना, म्हणून इकडच्या कापसाला अमाप भाव आला. युद्ध संपताच बाजार कोसळला. नकाशावर दोरा ताणून ही ठिकाणे जोडली, की दूरच्या लढाईने इथल्या शेतातल्या बोंडाची किंमत कशी ठरते, हे मुलाच्या ध्यानात येते.

तिसरे टेबल वेळेचे. कागदाच्या चोवीस तासांच्या तबकडीवर मुलाने आपला दिवस रंगवावा. शेजारच्या तबकडीवर १८८१ च्या फॅक्टरी कायद्यातील मुलाचा दिवस रंगवावा. या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांना मात्र दिवसाला नऊ तास राबवता येत असे. प्रौढांच्या तासांना मर्यादाच नव्हती. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. आठवड्याची एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, जखमी झाल्यास भरपाई, अशा त्यातील मागण्या होत्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सुट्टी आपोआप मिळालेली नाही, हे या दोन तबकड्या शेजारी ठेवल्या म्हणजे कळते.

चौथे टेबल घरातून आणलेल्या वस्तूंचे असावे : आजोबांचा पास, जेवणाचा डबा, एखादा झिजलेला धोटा. दुकानातून विकत आणलेली प्रतिकृती येथे मुळीच घेऊ नये. याच टेबलावर एक रिकामी चौकटही ठेवावी. सूत गुंडाळण्याच्या खात्यांत स्त्रिया राबल्या. पण त्यांची वस्तू वा छायाचित्र अनेक घरांतून सापडत नाही. ते का सापडत नाही, हे त्या चौकटीखालच्या चिठ्ठीत मुलांनी लिहावे.

यात तास फुकट जातात, परीक्षेचे काय, अशी शंका कोणी घेईल. आमचे उत्तर असे की, हाच धडा वाचून दाखवण्यात पाच-सहा तास जातातच. तेच तास येथे वापरावयाचे आहेत.

शेवटी पालकांना, विशेषतः जुन्या गिरणी कामगारांना, पाहावयास बोलवावे आणि चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहिलेल्या असाव्यात. एखादे आजोबा म्हणतील, ‘बाळ, धोटा असा नव्हे, असा धरतात.’ मग मुलाने तेथल्या तेथे चिठ्ठी खोडून नवी लिहावी. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या घरात आहे. कित्येक गिरण्यांच्या जागी आता कचेऱ्या आणि बाजार उभे आहेत. चिठ्ठी दुरुस्त करणारी माणसे आपल्यात आहेत, तोवरच ती लिहून घेतली पाहिजे. ज्यांच्या घरी असा डबा किंवा पास पडून असेल, त्यांनी तो रद्दीत टाकण्यापूर्वी जवळच्या शाळेत एकदा दाखवून यावा, एवढीच आमची आपणांस विनंती आहे.