कर्जातून परस्पर कापलेला विमा

विहिरीचे कर्ज मंजूर झाले, पण हाती पैसे कमी आले. मधल्यामधे विम्याचा हप्ता कापलेला! अशी गाऱ्हाणी आमच्या कानी येतात. विमा वाईट नव्हे; कर्जदार गेला तर घरच्यांवरचा बोजा त्यातून फिटतो. पण कर्जासाठी आयुर्विमा काढलाच पाहिजे, असा कायदा नाही.

तेव्हा गप्प बसू नका. खातेउतारा मागा, विम्याच्या अर्जावरची सही आपलीच आहे का ते बघा. शाखेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागा. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही.

आणि आमचे एक ऐका : कोऱ्या अर्जावर सही नको.