मे महिन्यात दहिसर नदीत नेमकं काय वाहतं? तुमच्या फोनने शोधता येतं

मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. नंतर मेपर्यंत काहीच नाही. आता एप्रिल-मेमध्ये बोरिवलीच्या नॅशनल पार्कमध्ये जाऊन दहिसर नदीचं पात्र बघा. दगडधोंडे, पाचोळा आणि मध्येच एखादं डबकं. मग पार्कच्या बाहेर या, श्रीकृष्ण नगर, दौलत नगर करत दहिसरकडे चला. तीच नदी आता भर उन्हाळ्यात वाहतेय. काळी, फेसाळ, पण वाहतेय.

पाऊस नाही, वरून पाणी नाही, मग हे आलं कुठून? आपल्याच नळातून. बाथरूम, संडास, तबेले, छोटे वर्कशॉप, सगळ्यांचं वापरलेलं पाणी. म्हणजे मुंबईच्या नद्यांसाठी प्रदूषण ओळखायची सगळ्यात सोपी टेस्ट कुठल्याही लॅबशिवाय होते: कोरड्या दिवसात पावसाळी गटार वाहत असेल, तर बहुतेक वेळा कुठेतरी चुकीचं कनेक्शन आहे किंवा मलवाहिनी फुटली-तुंबली आहे.

पण हे "पावसाळी गटार" प्रकरण नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथेच आहे. उपनगरांत रस्त्याखाली दोन वेगळ्या लाइन असतात. एक मलवाहिनी, जिचं पाणी पंपिंग स्टेशनमार्गे प्रक्रिया केंद्रात जातं. दुसरी पर्जन्य जलवाहिनी, जी पावसाचं पाणी उचलून नाल्यात, नदीत नेऊन सोडते. दुसरीच्या वाटेत सहसा कुठलंही प्रक्रिया केंद्र नसतं. ती फक्त पावसासाठीच बनवलेली आहे. आता एखाद्या बिल्डिंगची मलवाहिनी तुंबली आणि कुणीतरी "तात्पुरतं" बाजूच्या पावसाळी गटारात कनेक्शन मारलं, तर तो संडास थेट नदीला जोडला गेला. आमच्या क्षेत्रात "तात्पुरता फिक्स" किती वर्षं प्रॉडक्शनमध्ये राहतो हे मला चांगलं माहीत आहे. इथेही तसंच.

महापालिका वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा अशी सात मोठी मलजल प्रक्रिया केंद्रं उभारतेय. एकूण क्षमता रोज २,४६४ दशलक्ष लिटर. आकडा जबरदस्त आहे. पण केंद्र कितीही भारी असो, ते त्याच्यापर्यंत पोचलेलंच पाणी साफ करणार. पावसाळी गटारातून परस्पर नदीत गेलेलं पाणी त्या हिशोबात येतच नाही.

मग हे दुरुस्त कुणी करायचं?

दहिसर नदी जेमतेम १२ किलोमीटरची. तुळशी तलावाच्या बाजूने निघते आणि मनोरीच्या खाडीला मिळते. आपल्या कंपनीत एखाद्या सर्व्हिसला जेवढ्या टीम हात लावतात त्यापेक्षा जास्त लोक या १२ किलोमीटरला हात लावतात. पार्कातला भाग वन विभागाचा. बाहेर पात्र आणि भिंती महापालिकेच्या पर्जन्य जलवाहिन्या खात्याकडे. मलवाहिन्या वेगळ्या खात्याकडे, कचरा घनकचरा खात्याकडे. तबेले आणि कारखान्यांच्या सांडपाण्यावर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची नजर, १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याखाली. त्यात सोसायट्या, वस्त्या, तबेलेवाले आणि आपण. प्रत्येक जण आपापल्या तुकड्यात बरोबर असू शकतो आणि तरी नदी काळीच राहते.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा शहराला आपल्या नद्या आठवल्या. त्यानंतर भर राहिला तो मुख्यतः पात्र रुंद करण्यावर, भिंती बांधण्यावर, गाळ काढण्यावर. पुरासाठी ते गरजेचं होतं, पण भिंतीने पाणी स्वच्छ होत नाही. पाण्याच्या दर्जाचा प्रश्न लावून धरला तो नागरिकांनी. 'रिव्हर मार्च' या चळवळीने दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी या चार नद्यांसाठी लोकांना काठावर आणलं आणि अधिकाऱ्यांना त्यांच्यासोबत चालायला लावलं. त्यातलं सफाई मोहिमांपेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं. रविवारी उचललेलं प्लास्टिक बुधवारपर्यंत परत येतं. वेगवेगळ्या खात्यांचे लोक एका नाल्याच्या तोंडाशी एकत्र उभे राहिले, तर मात्र "हे आमचं नाही" म्हणणं अवघड होतं.

आता मोजण्याकडे येऊ. घरी आरओ तपासायला आणलेलं टीडीएस पेन नदीत बुडवून रील बनवणारे खूप दिसतात. ते पेन पाण्याची विद्युतवाहकता मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. जंतू त्याला दिसत नाहीत. शिवाय दहिसर नदीच्या खाडीकडच्या भागात भरतीचं खारं पाणी आत येतं, त्यामुळे तिथे टीडीएस प्रचंड येईल आणि त्याचा सांडपाण्याशी काही संबंध नसेल. भरतीची वेळ न लिहिलेलं रीडिंग सरळ डिलीट करा.

खरी मापं वेगळी. पहिलं, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. आंघोळीयोग्य पाण्यात तो लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम हवा. दुसरं बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात. हा ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. आपल्याकडे ही चाचणी २७ अंशाला तीन दिवस ठेवून करतात, म्हणून बीओडी "लाइव्ह" दाखवणारं ॲप दिसलं तर समजा की तो थेट मोजलेला आकडा नाही, अंदाज आहे. तिसरं, विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जिवाणू. १०० मिलिलिटरमध्ये ५०० पर्यंत चांगलं, २,५०० ही कमाल मर्यादा. प्रदूषण मंडळ नद्यांच्या ठरलेल्या जागांची मापं वेबसाइटवर टाकतं, ती जरूर बघा. पण एका जागेचा आकडा नदी आजारी आहे एवढंच सांगतो. घाण कुठल्या गटारातून शिरली हे सांगत नाही.

तिथे तुमचा फोन कामाचा. लॉग वाचताना आपण टाइमस्टॅम्प बघतो ना, तसंच करायचं. नदीला मिळणाऱ्या एकेका गटाराच्या तोंडाचा फोटो, लोकेशन चालू ठेवून, दिवसातून तीन वेगळ्या वेळांना. सकाळी सात ते नऊ प्रवाह वाढून दुपारी मंदावला, तर ते बहुधा घरांचं पाणी. दोन वेळच्या धारा झाल्यावर गोठे धुतले जातात, त्या सुमारास शेणाच्या रंगाचं पाणी झटक्यात आलं तर वर तबेला शोधा. चोवीस तास एकसारखी, बऱ्यापैकी स्वच्छ धार असेल तर पिण्याच्या पाण्याची गळतीसुद्धा असू शकते. मग त्याच गटारावर वरच्या अंगाला सरकत जायचं. ज्या दोन जागांच्या मधे कोरडं गटार ओलं होतं, तिथेच बग आहे.

वस्तीकडे बोट दाखवणं सोपं असतं. जिथे मलवाहिनी टाकलेलीच नाही तिथल्या माणसाने पाणी सोडायचं कुठे? तिथे तक्रार वाहिनी टाका अशी हवी, माणसं हटवा अशी नाही. आणि बरीच घाण चांगल्या टॉवरच्या मागूनही येते.

बॉस्टनची चार्ल्स नदी याच वाटेने सुधारली. १९९५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने तिला रिपोर्ट कार्डवर 'डी' ग्रेड दिला. मग स्वयंसेवक ठरलेल्या जागांवरून दर महिन्याला नमुने घेत राहिले आणि नगरपालिकांनी पावसाळी गटारांना जोडलेली संडासांची कनेक्शन शोधून एकेक तोडली. पुढच्या वर्षांत ग्रेड 'बी'च्या वर गेला. सगळ्यांना कळेल असा एकच आकडा दरवर्षी जाहीर होत होता, हे मला त्यातलं सगळ्यात हुशार पाऊल वाटतं.

तक्रार करताना "नदी घाण आहे" असं लिहू नका, ते कुणाच्याच टेबलावर थांबत नाही. गटाराचं ठिकाण, तीन वेळा, तीन फोटो आणि "पाऊस नसताना वाहतंय" हे एक वाक्य, एवढं वॉर्ड ऑफिसला द्या (दहिसर आर उत्तर, बोरिवली आर मध्य). १९१६ वरही फोन करता येतो. तक्रार क्रमांक जपून ठेवा आणि महिन्याभराने त्याच जागेचा फोटो काढा. पाण्यात उतरू नका, पायाला जखम असेल तर काठावरही नको, लेप्टो होऊ शकतो. आणि जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की हे सगळं थांबवा, कारण त्यानंतर प्रत्येक गटार वाहणारच. पुढची बॅच पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी.