जुनी सोन्याची खाण पुन्हा कशी उघडतात?



मागच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब संपला आणि सोन्याच्या भावावर गोष्ट निघाली. एका ताईने विचारलं, "बंद पडलेल्या खाणी परत उघडणार म्हणतात, मग सोनं स्वस्त होईल का?" तशी आशा ठेवू नका. पण खाण उघडतात कशी, ते समजून घेऊ.

कर्नाटकात रायचूर जिल्ह्यात हट्टी गाव आहे. 1956 पर्यंत रायचूर आणि आपला मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. हट्टीला दोन हजार वर्षांपूर्वीही सोनं काढत. सुरुंग नव्हते. दगडाला जाळ लावायचा, तापला की पाणी मारायचं, दगड तडकायचा. तापल्या खापरीवर पाणी पडलं की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको! इंग्रजांच्या काळात एका कंपनीने तिथे काम केलं, तेही बंद पडलं. 1947 साली नवी कंपनी निघाली. आज ती कर्नाटक सरकारची आहे आणि खाण चालू आहे.

बंद खाणीत पाणी भरलेलं असतं. आधी ते उपसायचं. जुन्या लोकांनी आत कुठे पोखरलं त्याचा नकाशा नसतो. म्हणून पुढे लांब भोक पाडून चाचपत जावं लागतं, नाहीतर साठलेलं पाणी एकदम अंगावर येतं. मग हवेसाठी मोठे पंखे, माणसं आणि दगड वर आणायला पिंजरा, पोकळ जागेत भराव. एवढा खर्च होतो तेव्हा हाती एक गुंजही आलेली नसते.

टनभर दगडात सोनं निघतं तीनएक ग्रॅम. म्हणजे एका तोळ्यासाठी ट्रॅक्टरची ट्रॉली भरून दगड! तो पिठासारखा दळतात आणि सायनाइडच्या पाण्यात सोनं विरघळवून काढतात. बाकी सगळा गाळ.

खरी अडचण त्या गाळाचीच. कोलारची खाण तीन किलोमीटरहून खोल होती, 28 फेब्रुवारी 2001 ला बंद झाली. गाळाचे डोंगर तिथेच राहिले, वारा सुटला की धूळ वस्तीत जाते. त्या गाळातलं उरलेलं सोनं काढायच्या केंद्राच्या प्रस्तावाला कर्नाटकाने 2024 मध्ये होकार दिला. पण गाळ पुन्हा धुतला तरी तो संपत नाही, कुठेतरी टाकावाच लागतो.

आणि बाया? 1952 च्या कायद्याने त्यांना जमिनीखाली कामाला बंदी होती. 2019 मध्ये तांत्रिक आणि देखरेखीच्या कामासाठी जायची परवानगी मिळाली. त्या वेळच्या नियमात तिची लेखी संमती हवी होती आणि पाळीत निदान तिघी हव्या होत्या.

आपल्या जव्हार-मोखाड्यात पेसा लागू आहे. दगड, मुरूम, वाळू हे गौण खनिज, त्याचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची शिफारस लागते. सोनं त्यात येत नाही. दगडखाणीचा विषय आला तर सही करण्याआधी विचारा: धूळ कुठे जाणार, खड्डा कोण भरणार? उत्तर ठरावात लिहून घ्या.