ऐंशीचं दशक खरंच बरं होतं का?

1987 पासून रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ लागलं की रस्ते ओस पडत. ज्याच्याकडे टीव्ही, त्याच्या खोलीत अख्खा मजला दाटीवाटीनं बसे. तो शेजार गेल्याची हळहळ खरी आहे. पण त्याच दशकात, 1982 च्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि हजारो संसार उघड्यावर आले. टेलिफोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. 1981 मध्ये देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी शंभराहून अधिक बाळं वर्षाच्या आत दगावत. 2020 मध्ये हा आकडा 28 वर आला.

तरी ओढ वाटतेच. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी मनात सर्वाधिक ठसतात, असं मानसशास्त्रज्ञांना आढळलं आहे. शिवाय तेव्हा घर चालवण्याचा घोर आईवडिलांच्या डोक्यावर होता.