पिढी बदलली की दिवस बदलले?

‘हल्लीची पोरं वाडीत घर बांधत नाहीत, स्टेशनजवळ फ्लॅट घेतात.’ आमच्या माहीममध्ये (मुंबईतलं नव्हे, पालघरचं केळवे-माहीम) हे वाक्य कुठल्याही ओट्यावर ऐकायला मिळेल. हेच जरा सजवून सांगितलं की बातमी होते: नवी पिढी घरबाजार बदलतेय. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी इथे थांबून विचारायचं, हे सिद्ध कसं करणार?

समजा, तारापूर एमआयडीसीत नोकरी करणारा ३० वर्षांचा मुलगा बोईसरला वन बीएचके घेतो. यामागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

वय: तिशीत लग्न होतं, पगार स्थिरावतो. त्याच्या वडिलांनाही याच वयात घराचे वेध लागले असतील.

काळ: त्या वर्षी लहानथोर सगळ्यांनाच जे लागू झालं ते.

पिढी: एकाच सुमारास जन्मलेल्यांची आवड किंवा सवय, जी वय वाढलं तरी सोबत राहते. संशोधनात याला कोहॉर्ट म्हणतात.

गंमत अशी की जन्मवर्ष अधिक वय म्हणजे चालू वर्ष. दोन आकडे कळले की तिसरा ठरलेलाच. त्यामुळे कितीही डेटा जमवला तरी नुसत्या गणिताने हे तीन परिणाम पूर्ण सुटे होत नाहीत. काहीतरी गृहीत धरावंच लागतं, आणि ते उघडपणे लिहावं लागतं.

आता आपल्या भागात काळाने काय केलं बघा. एप्रिल २०१३मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा झाला. सप्टेंबर २०२० ते मार्च २०२१ मुद्रांक शुल्कात सवलत होती. रेपो दर मे २०२०मध्ये ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३मध्ये ६.५ टक्के झाला. २५ लाखांचं २० वर्षांचं कर्ज ७ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता सुमारे १९,४०० रुपये, ९.५ टक्क्यांनी सुमारे २३,३००. तेवढ्यावरून कुणी टू बीएचकेऐवजी वन बीएचके घेतला, तर त्याला पिढीची आवड म्हणायचं का?

वाडीचंही तसंच. सातबाऱ्यावर काका, आत्या, चुलतभाऊ मिळून सहा-सात नावं असली की बँक सगळ्यांची संमती आणि स्पष्ट मालकी मागते. फ्लॅटला कर्ज मिळणं त्यामानाने सोपं. म्हणजे पोराला वाडी नको असेल असं नाही. वाडीत बांधायला कर्ज मिळत नसेल.

मग करायचं काय? नोंदणी झालेल्या दस्ताच्या सूची क्रमांक २मध्ये, म्हणजे आपल्या ‘इंडेक्स टू’मध्ये, पक्षकारांचं वय, क्षेत्रफळ आणि किंमत दिलेली असते. सवलतीच्या आधीचे आणि नंतरचे तिशीतले खरेदीदार घ्या. शेजारी त्याच वर्षांतले पंचेचाळिशीतले ठेवा. दोघांचीही घरं सारखीच लहान झाली असतील, तर काळाकडे बोट जातं. फक्त तिशीतल्यांची झाली असतील, तर पिढीची शक्यता वाढते. सिद्ध मात्र होत नाही, कारण व्याजदराचा फटका पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला जास्त बसतो.

आणखी एक सापळा: इंडेक्स टूमध्ये घर घेतलेलेच दिसतात. बोईसरला भाड्याने राहणारा किंवा माहीमला आईवडिलांकडेच राहिलेला त्यात नसतो. त्याच्यासाठी प्रश्नावली घेऊन दारोदारच जावं लागतं.

हा नुसता पद्धतीचा काथ्याकूट नाही. पालघरला सिडकोचं नवं शहर होतंय. जून २०२४मध्ये वाढवण बंदराला केंद्राची मंजुरी मिळाली. कोणासाठी किती मोठी घरं बांधायची, हे आता ठरणार. ‘तरुणांना लहान घरंच आवडतात’ असं आपण घाईने लिहिलं, तर मजबुरीलाच आवड म्हटलं जाईल, आणि पुढची २० वर्षं हप्ते भरणारे आपल्याच वयाचे असतील.

तेव्हा प्रस्तावात ‘पिढी’ हा शब्द लिहिण्याआधी वय आणि काळ दोन्ही तपासून घ्या. गाईड पहिला प्रश्न तिथेच विचारणार.