विश्लेषण : लोहाची गोळी कितपत सुरक्षित?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के आहे. शाळा, अंगणवाडी आणि आरोग्य केंद्रांतून लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. पण त्रास होईल या भीतीने त्या घरात तशाच पडून राहतात. ही भीती कितपत खरी?

मात्रा किती?

२०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात मात्रा वयानुसार ठरवलेली आहे. ५ ते ९ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी (४५ मिलिग्रॅम लोह), १० ते १९ वयोगटाला आठवड्याला एक निळी गोळी (६० मिलिग्रॅम) आणि गर्भवतींना चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी. एवढी मात्रा बहुतेकांसाठी सुरक्षित आहे.

शौचाला काळी होते, ते का?

न शोषलेले लोह शौचावाटे बाहेर पडते, म्हणून. ते घातक नाही. मात्र शौच डांबरासारखे चिकट असेल किंवा त्यात रक्त दिसले, तर डॉक्टरांना दाखवावे. मळमळ, बद्धकोष्ठता होत असल्यास गोळी जेवणानंतर घ्यावी. सोबत चहा-कॉफी टाळावी. त्याने लोह कमी शोषले जाते.

जपायचे कोणी?

थॅलेसेमिया मेजरच्या रुग्णांना वारंवार रक्त द्यावे लागते. त्यांच्या हृदयात, यकृतात आधीच लोह साठत असते. त्यांनी ही गोळी परस्पर घेऊ नये. विदर्भ, नंदुरबार भागात आढळणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णांनीही आधी तपासणी करून घ्यावी.

मलेरियाशी काय संबंध?

टांझानियातील पेम्बा बेटावर मलेरियाचा मोठा प्रादुर्भाव होता. तिथे लहान मुलांना रक्त न तपासता सरसकट लोह दिले, तेव्हा रुग्णालयात दाखल होण्याचे व मृत्यूचे प्रमाण वाढले. २००६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लोहाची कमतरता असलेल्या आणि मलेरियावर वेळीच उपचार मिळालेल्या मुलांना मात्र फायदाच झाला. म्हणून मलेरियाग्रस्त भागात लोहासोबत मलेरियाचा प्रतिबंध, निदान आणि उपचार हवेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

घरात काय सांभाळावे?

रंगीत गोळ्या लहान मुलांना चॉकलेटसारख्या वाटतात. एकदम अनेक गिळल्यास जिवावर बेतू शकते. पाकीट मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. मुलाने गोळ्या खाल्ल्याचा संशय आला, तर उलटीची वाट न पाहता रिकामे पाकीट घेऊन थेट रुग्णालय गाठावे.